'सीझ' : पकडणारा कोण, पकडलेला कोण

इंग्रजी-मराठी शब्दकोशात 'सीझ' काढा. जप्त करणे, बळकावणे, झडप घालणे असे अर्थ मिळतील. आता हे अर्थ घेऊन हायकोर्टात जाऊन बसा. वकीलसाहेब उठतात आणि म्हणतात, 'द कोर्ट इज सीझ्ड ऑफ द मॅटर.' शब्दकोशावर भिस्त ठेवणारा अनुवादक इथे चक्रावतो. कोर्टाला जप्त कुणी केलं? वकिलांचं म्हणणं साधं असतं: हे प्रकरण सध्या या कोर्टाच्या हाती आहे, तेव्हा इतरांनी त्यात हात घालू नये.

हा प्रयोग विचित्र वाटतो, पण या क्रियापदाचं मूळ घराणं तेच. नॉर्मन लोकांच्या फ्रेंचमधून हा शब्द इंग्लंडच्या कायद्यात आला, तेव्हा त्यात हिसकावण्याइतकंच कुणाला रीतसर कब्जा देणंही होतं. जमिनीच्या अशा कब्जाला म्हणत 'सीझिन'. जमीन विकायची तर दोघांनी जमिनीवर जायचं, साक्षीदार उभे करायचे आणि देणाऱ्याने घेणाऱ्याच्या हातावर मातीचं ढेकूळ किंवा झाडाची डहाळी ठेवायची. घर असेल तर दाराची कडी किंवा किल्ली. कागद झाला तर झाला, खरा व्यवहार त्या ढेकळाचा. सातबाऱ्यावर 'कब्जेदार' हा शब्द वाचत मोठे झालेल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. कब्जा कुणाचा, वहिवाट कुणाची, यावरूनच आपल्याकडेही पिढ्यानपिढ्या भांडणं चालली आहेत.

तर ज्याच्याकडे कब्जा, तो त्या जमिनीचा 'सीझ्ड'. कर्मणी प्रयोग, पण नुकसान काही नाही, उलट हक्क मिळालेला. कोर्ट प्रकरणाचं 'सीझ्ड' असतं ते याच अर्थाने. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचे ठराव वाचून पाहा. शेवटचं कलम बहुतेक वेळा हेच: 'रिमेन सीझ्ड ऑफ द मॅटर'. विषय आम्ही सोडलेला नाही. हे नुसतं शोभेचं वाक्य नाही बरं का. सनदेच्या 12व्या कलमाप्रमाणे सुरक्षा परिषद एखाद्या वादात आपलं काम करत असेल, तर आमसभेने त्यावर शिफारस करायची नाही. परिषद ज्या विषयांची 'सीझ्ड' आहे त्यांची यादीच ठेवली जाते, आणि 1948 साली तिच्यापुढे गेलेला भारत-पाकिस्तान प्रश्न त्या यादीत वर्षानुवर्षं बसून आहे. चर्चा होवो न होवो, कब्जा कायम!

आता पोलिसांकडे येऊ. इथे 'सीझ' म्हणजे हातात घेणे. मुद्देमाल जप्त, जप्ती पंचनामा, पंचांच्या सह्या. पण हाताला न लागणाऱ्या गोष्टीचं काय? बँकेतलं खातं कुणी पोत्यात भरून नेत नाही. हा प्रश्न महाराष्ट्र शासनाच्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे गेला, आणि 1999 साली उत्तर आलं की बँक खातंही मालमत्ताच, पोलिसांना ते गोठवता येतं. म्हणजे आपण 'खातं सीझ झालं' म्हणतो ते कायद्याला धरून आहे. मग जमीन? 2019 साली, पुन्हा महाराष्ट्राच्याच प्रकरणात, त्याच न्यायालयाने सांगितलं की फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 102 खाली तपास करणाऱ्या पोलिसांना स्थावर मालमत्ता 'सीझ' करता येणार नाही. जमिनीची कागदपत्रं घ्या, पण राहत्या माणसाला बाहेर काढून घराला कुलूप ठोकणं ही या कलमाने दिलेली सत्ता नव्हे. (आता ते कलम नव्या संहितेत 106 झालं आहे.) गंमत बघा, जो शब्द जमिनीच्या ढेकळातून निघाला, तोच या कलमात जमिनीला लागू होत नाही. मला तरी या क्रियापदाच्या चरित्रातला हा सगळ्यात देखणा प्रसंग वाटतो.

एक फरक मात्र आपले पेपर रोज पुसून टाकतात. विमानतळावर सोनं पकडलं की मथळा येतो, 'सोने जप्त'. 1962च्या कस्टम्स कायद्यात 'सीझर' आणि 'कॉन्फिस्केशन' या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. कलम 110 खाली अधिकारी माल ताब्यात घेतो, मालकी हलत नाही. सहा महिन्यांत नोटीस द्यावी लागते, कारणं नोंदवून मुदत वाढवता येते, आणि तरीही नोटीस नाही निघाली तर माल परत करायचा. पुढे सुनावणी होऊन 'कॉन्फिस्केशन'चा हुकूम झाला की मग मालकी सरकारकडे. मराठीत यासाठी झकास शब्द तयार आहे, 'सरकारजमा'. पहिल्याला जप्त म्हणा, दुसऱ्याला सरकारजमा. दोन्हीला जप्त म्हटलं की वाचकाच्या मनात तो माणूस नोटिशीआधीच दोषी ठरतो.

आतापर्यंत कुणीतरी काहीतरी पकडत होतं. पण हे क्रियापद कर्माशिवायही चालतं, आणि तिथे पकडणारा दिसतच नाही. 'द इंजिन सीझ्ड.' टू-स्ट्रोक स्कूटर चालवलेली मंडळी इथे असतील. पेट्रोलमध्ये ऑइल टाकायचं राहून जायचं. पिस्टन आणि सिलिंडरमध्ये वंगणाचा पापुद्रा उरायचा नाही, घर्षणाने पिस्टन तापून फुगायचा, आणि चालत्या गाडीचं मागचं चाक एकदम अडकायचं. मेकॅनिक किक दाबून बघायचा, ती दगडासारखी, आणि म्हणायचा, 'सीझ झालंय, ब्लॉक बोअर करावा लागेल.' त्या बिचाऱ्याने शब्दकोश पाहिलेला नसतो, पण प्रयोग अचूक. इंजिनाला कुणी धरलेलं नाही, ते स्वतःच धरलं गेलंय. माणसाच्या सांध्यांचंही इंग्रजीत हेच होतं, 'माय बॅक सीझ्ड अप'. आणि आपण काय म्हणतो? 'पाठ धरली.' 'मान धरली.' कुणी धरली ते विचारायचं नाही. इथे मराठी आणि इंग्रजी एकमेकींना न विचारता एकाच ठिकाणी पोचल्या आहेत.

फिट येण्याला इंग्रजीत 'सीझर' म्हणतात त्यामागेही हीच पकड. 'एपिलेप्सी' या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थसुद्धा पकडणं, धरणं असाच. (बाळंतपणात होतं ते सीझर वेगळं, त्याचा या क्रियापदाशी संबंध नाही.) जुन्या लोकांची समजूत, कुणीतरी बाहेरून येऊन माणसाला धरतं. आपल्याकडे ते काम 'ग्रह्' या धातूने केलं. ग्रह म्हणजे धरणारा. सुश्रुतसंहितेत लहान मुलांना पछाडणारे नऊ बालग्रह सांगितले आहेत. राहू धरतो ते ग्रहण, म्हणून तर 'दे दान, सुटे गिराण' अशी हाळी. धरलेलं सुटायला हवं! आणि त्याच धातूतून पाणिग्रहणही आलं, तिथे सुटायची भाषा नाही. 'सीझ्ड विथ फिअर' भाषांतरताना म्हणूनच जप्तीच्या वाटेला जाऊ नका. भीतीने ग्रासलं, धास्तीने पछाडलं, हे शब्द आपल्या घरात आहेत.

सत्तेचं सांगतो. 'सीझ पॉवर' म्हणजे निवडून येणं नव्हे. 1917 साली रशियातल्या बोल्शेविक क्रांतिकारकांनी पेत्रोग्राडमध्ये केलं ते. मराठीत 'सत्ता बळकावली' यात नापसंती आहे, 'काबीज केली' यात पराक्रम, 'हस्तगत केली' यात दोन्ही नाही. इंग्रजी लेखकाचा सूर बघून निवडा. गड मात्र सर होतो किंवा घेतला जातो, 'गड जप्त केला' म्हणणारा मावळा कुणी पाहिलाय का? आणि संधी साधायची असते. 'सीझ द डे' हे घोषवाक्य ज्या लॅटिन ओळीवरून आलं, त्या रोमन कवी होरेसच्या शब्दात तर खुडण्याचा भाव आहे, पिकलेलं फळ खुडावं तसा. इंग्रजीने उगाच मूठ आवळली.

उच्चाराबद्दल थोडक्यात. 'सीझ'च्या शेवटी झ आहे. थांबणे या अर्थाचा शब्द 'सीस', तिथे स. म्हणजे टीव्हीवर ऐकू येणारं 'सीझफायर' चूक, 'सीसफायर' बरोबर; त्याहून बरोबर, शस्त्रसंधी. स्पेलिंगमध्ये 'ई' आधी आणि 'आय' नंतर, शाळेतला नियम इथे चालत नाही.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे: हप्ते थकले म्हणून बँकेने गाडी 'सीझ' केली, हे बरोबर का? बोलण्यात चालतं. कायद्याच्या कागदावर कर्ज देणारी संस्था 'रीपझेस' करते, म्हणजे कराराप्रमाणे ताबा घेते, जप्ती हे सरकारी अधिकाऱ्याचं काम. पण ताई, तुमच्या गल्लीत लोक काय म्हणाले असतील ते मला ठाऊक आहे: 'गाडी ओढून नेली.' बातमीत तेच लिहा.