मध्ये मैदान मोकळंय!

श्रोतेहो, नमस्कार.

माझी सगळी नोकरी रेल्वेत गेली. इंजिन कधी चालवलं नाही. मी कंट्रोलमध्ये होतो, म्हणजे कुठली गाडी कुठं रोखायची, कुठली सोडायची ते ठरवणाऱ्या खोलीत. समोर चार्ट, कानाला फोन, हातात पेन्सिल. चार्टवर आडवी वेळ, उभी स्टेशनं, आणि गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. दोन रेघा जवळ यायला लागल्या की आमच्या पोटात गोळा यायचा. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण सवय सुटत नाही. थांब्यावर बस आली तरी मी आधी घड्याळ बघतो.

आज बोलायचं आहे ट्रामवर, म्हणजे रस्त्यातल्या रुळांवरून धावणाऱ्या गाडीवर, आणि तिच्यात, तसंच आपल्या बसमध्ये, जास्त माणसं कशी न्यायची यावर. तुम्ही म्हणाल, सोलापुरात ट्राम कुठली? खरंय, इथं ती कधीच नव्हती. पण माझी एक भाची डब्लिनला असते, तिचा रोजचा प्रवास ट्रामचा. परवा फोनवर म्हणाली, "मामा, आमची ट्राम वाढवून लांब केली, तरी सकाळी दारातच लोंबकळायची वेळ येते. आत बघावं तर मधे मोकळं!" हे ऐकलं आणि मला आपला कंडक्टर आठवला. सात रस्त्याला बसमध्ये चढा, दाराशी कोंबडीच्या खुराड्यासारखी गर्दी, आणि तो मागून ओरडतोय, "आत सरका की ओ, मध्ये मैदान मोकळंय!" मराठीत कोणी हललं नाही की कन्नडमध्ये, "मुंद होग्री!" तरी नाही, तर तेलुगूत, "जरगंडी अम्मा!" तीन भाषांत सांगूनही दार काही मोकळं होत नाही. गर्दीचं दुखणं सगळीकडं एकच आहे, आणि ते बहुतेक वेळा दारातच असतं.

डब्लिनची ट्राम २००४ साली सुरू झाली, लुआस तिचं नाव. तिच्या एका मार्गावर, ग्रीन लाइनवर, गर्दी एवढी वाढली की ४३ मीटरच्या गाड्या मधोमध उघडून, आणखी तुकडे घालून ५५ मीटरच्या केल्या. शर्ट अंगाला घट्ट झाला की शिंपी उसवून आतली माया सोडतो, तसंच. सोलापुरात निम्म्या गल्ल्यांत शिलाई मशीन चालतं, गणवेश शिवले जातात, तेव्हा माया म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगायला नको. पण गंमत अशी की नुसती गाडी उसवून भागलं नाही. फलाट लांब करावे लागले. रात्री गाड्या उभ्या करायची कारशेड वाढवावी लागली. ५५ मीटरची गाडी ४३ मीटरच्या फलाटाला लागली तर शेवटचं दार उघडणार कुठं, रस्त्यात?

बुडापेस्टमध्ये चार आणि सहा नंबरच्या ट्राम शहराच्या गोल रस्त्यावरून जातात. तिथल्या गाड्या ५४ मीटरच्या, एका गाडीत साडेतीनशेच्या आसपास माणसं. गर्दीच्या वेळी दोन-तीन मिनिटांनी एक. आता कुणी विचारेल, एवढी लांबडी गाडी कशाला? छोट्या गाड्या मिनिटामिनिटाला सोडा की. इथं कंट्रोलवाल्याचं डोकं लागतं. रस्त्यावरच्या ट्रामला चौकाचौकांत सिग्नल आहे. सिग्नल दीड-दोन मिनिटांनी एकदा हिरवा होणार. त्याहून जास्त गाड्या सोडल्या तर त्या एकमेकींच्या शेपटीला उभ्या राहणार. म्हणजे एका मर्यादेपर्यंत गाड्या वाढवायच्या, ती मर्यादा आली की लांबी वाढवायची. आणि लांबीलाही मर्यादा आहेच. गाडी चौकाच्या पलीकडं थांबली आणि तिचं शेपूट चौकातच राहिलं, तर आडव्या रस्त्याची वाहतूक तुंबली. नवी पेठेतून ५५ मीटरची ट्राम वळतीय हे चित्र मी एकदा डोळ्यांपुढं आणून पाहिलं. नको वाटलं.

मुंबईनं तिसरा उपाय केला होता, गाडी उंच करायचा. मुंबईत १८७४ साली घोड्यांची ट्राम सुरू झाली. कंपनीच्या तबेल्यात नऊशे घोडे होते. कुलाब्याहून पायधुणीला जायला तीन आणे, आणि तिकीट द्यायची पद्धतच नव्हती. पैसे द्या आणि बसा. फुकटे वाढले तेव्हा तिकिटं आली. १९०७ मध्ये विजेची ट्राम आली, गर्दी वाढली, तेव्हा १९२० मध्ये दुमजली ट्राम काढली. १९६४ च्या मार्चअखेरीला शेवटची ट्राम धावली. सिद्धेश्वर एक्सप्रेसनं पहाटे दादरला उतरणारे आपले लोक आजही टॅक्सीवाल्याला "दादर टीटी" सांगतात. त्यातला टी म्हणजे ट्राम आणि दुसरा टी म्हणजे टर्मिनस, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं.

दुमजली गाडीत माणसं जास्त मावतात, पण जिना चढून वर गेलेला माणूस वेळेवर खाली येत नाही. हाँगकाँगनं यावर तोड काढली. तिथल्या सगळ्या प्रवासी ट्राम दुमजली आहेत. तिथं मागच्या दारानं चढायचं, पुढच्या दारानं उतरायचं, आणि पैसे उतरताना द्यायचे. चढणारा माणूस सुट्टे शोधत दारात उभा राहतच नाही. साधी गोष्ट आहे, पण ती सुचायला थांब्यावर उभं राहून माणसं बघावी लागतात.

आता मी मूळ मुद्द्यावर येतो. मघाशी म्हटलं, दुखणं दारात आहे. पाटी-पेन्सिल घ्या. समजा एका मार्गाची पूर्ण फेरी, जाऊन-येऊन, शंभर मिनिटांची आहे आणि आपल्याकडं दहा बसगाड्या आहेत. म्हणजे दर दहा मिनिटांनी एक, तासाला सहा. फेरीत तीस थांबे. प्रत्येक थांब्यावर वीस माणसं चढतात, एकाच दारातून, एकेकाला तीन सेकंद. झालं एक मिनिट. आता दोन दारं उघडी ठेवली, तिकीट थांब्यावरच काढून घेतलं आणि पायरी खाली आणली, तर तेच काम वीस सेकंदांत होतं. थांब्यामागं चाळीस सेकंद वाचले. तीस थांब्यांची वीस मिनिटं. शंभर मिनिटांची फेरी ऐंशीवर आली, आणि त्याच दहा गाड्या दर आठ मिनिटांनी यायला लागल्या. तासाला सहाच्या जागी साडेसात. म्हणजे दहा गाड्यांनी साडेबारा गाड्यांचं काम केलं. नवी गाडी एकही घेतली नाही, ड्रायव्हर एकही वाढवला नाही. हा हिशेब मी नातवाला घातला तर तो म्हणाला, "आजोबा, मग करत का नाहीत?" दाराची फीत कापता येत नाही बाळा, नव्या गाडीची कापता येते.

दुसरं दुखणं जोडगाडीचं. हे तुम्ही रोज भोगता. अर्धा तास बस नाही आणि आल्या की दोन, पाठोपाठ. लोक म्हणतात, टपरीवर चहा पीत बसले असतील. प्रत्येक वेळी तसं नसतं हो. पुढच्या गाडीला एका फाटकाशी किंवा वरातीशी दोन मिनिटं उशीर होतो. तेवढ्यात पुढच्या थांब्यावर माणसं वाढतात. त्यांना चढायला जास्त वेळ, म्हणून उशीर आणखी वाढतो, त्याच्या पुढच्या थांब्यावर माणसं आणखी वाढतात. मागच्या गाडीला मात्र थांब्यावर कोणीच सापडत नाही, कारण सगळे पुढच्या गाडीनं उचलले. ती रिकामी, भराभर येते आणि पुढचीला गाठते. आमच्या चार्टवर हे सरळ दिसलं असतं, पहिली रेघ आडवी पडत चाललीय, दुसरी उभी होत चाललीय, आणि दोघी येऊन चिकटल्या. मोजणारा म्हणेल, तासाला सहा गाड्या धावल्या, काम चोख. पण सहा गाड्या तीन जोड्यांनी आल्या तर थांब्यावरच्या माणसाला वीस मिनिटांनी एक गाडी मिळाली, तीही खच्चून भरलेली, आणि तिच्या मागून रिकामी गाडी हवा वाहून नेत गेली.

यावर उपाय म्हणजे मधल्या एखाद्या थांब्यावर मागच्या गाडीला एक-दोन मिनिटं रोखून धरायचं. आत बसलेली माणसं शिव्या देतात. आम्हीही पॅसेंजर गाड्या अशा रोखल्या आहेत आणि त्या शिव्या फोनवरून ऐकल्या आहेत. तरी रोखावंच लागतं.

मेलबर्नमध्ये ट्रामचे जवळजवळ अडीचशे किलोमीटर रूळ आहेत, जगात सर्वांत जास्त. पण त्यातला सुमारे तीन चतुर्थांश भाग मोटारींच्याच रस्त्यातून जातो. मोटारी तुंबल्या की त्यांच्यामागं ट्रामही उभी. कोलकात्याला देशातली पहिली ट्राम १८७३ साली धावली, आणि तिथं दोन डबे जोडून क्षमता वाढवली होती. पण पुढं ट्रामचा राखीव पट्टा बऱ्याच रस्त्यांवर डांबराखाली घालून मोटारींना खुला केला. डबे तेच राहिले, वेग गेला, आणि वेगाबरोबर माणसंही गेली. तेव्हा रस्त्याची एक बाजू गाडीला मोकळी मिळणार नसेल, तर लांबी-रुंदीची चर्चा व्यर्थ आहे असं मला वाटतं. काहींना हे आवडणार नाही. मलाही स्कूटर आहे.

बाकांचं थोडक्यात सांगतो. बसलेल्या माणसाला उभ्यापेक्षा जवळजवळ दुप्पट जागा लागते. म्हणून गर्दीच्या गाड्यांत दाराजवळचे बाक काढून मोकळी जागा करतात. माझे गुडघे या विरोधात आहेत, पण हिशेब त्यांच्या बाजूचा नाही. दाराजवळ मोकळं ठेवा आणि म्हाताऱ्यांना मधे बसवा, एवढं म्हणतो. तेवढंच मधलं मैदानही भरेल.

क्षमता वाढवायचं सगळ्यात हुशारीचं काम मात्र मला डब्लिनमध्ये नाही, आपल्याच जिल्ह्यात सापडतं. बार्शी लाईट, ही छोटी रेल्वे. १८९७ साली बार्शी रोडपासून, म्हणजे आताच्या कुर्डुवाडीपासून, बार्शीपर्यंत ती सुरू झाली. पुढं १९०६ मध्ये पंढरपूरला पोचली. रूळ अडीच फुटांचा आणि वजनाला हलका. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरनं ती बांधली. त्याचं म्हणणं असं, की रूळ किती ओझं पेलतो हे गाडीच्या एकूण वजनावर ठरत नाही, सर्वांत जड आसावर, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या दांड्यावर येणाऱ्या भारावर ठरतं. मग त्यानं इंजिन असो की वॅगन, कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार येणार नाही अशी आखणी केली. भार सारखा वाटला, आणि त्याच हलक्या रुळावरून लांब, मोठ्या वॅगनी जायला लागल्या. रूळ न बदलता! मी कुर्डुवाडीला होतो तेव्हा जुनी माणसं त्या छोट्या गाडीची चेष्टा करायची आणि तिच्याच गोष्टी सांगायची.

आता आपल्याकडचं. अक्कलकोट रस्त्यानं कुंभारीला गेलात तर रे नगर दिसेल. विडी आणि यंत्रमाग कामगारांसाठी ३० हजार घरांची ही वसाहत. त्यातल्या १५ हजार घरांचा ताबा जानेवारी २०२४ मध्ये दिला गेला. शेजारी गोदूताई परुळेकर वसाहत आधीपासून आहेच. या घरांतली माणसं कामाला, दवाखान्याला, बाजाराला शहरात येणार, सकाळी एकाच वेळी. मागं एकदा मी तिकडून येताना एक बाई विड्यांची टोपली घेऊन चढल्या. टोपली आधी आत, मग त्या, मग कनवटीचे पैसे काढणं, मग सुट्टे. मी सवयीनं घड्याळ बघितलं. त्या टोपलीला दोष द्यायचा का? दार तिच्या मापाचं नव्हतं.

तिथले थांबे बांधणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. शेड लहान बांधा, चालेल. पण पुढं-मागं माया सोडा. दोन लांब गाड्या एकामागं एक लागतील, दोन्हींची सगळी दारं फुटपाथला येतील, एवढी जागा आजच रिकामी ठेवा. तिथं रसवंतीवाला येऊन उभा राहील. राहू दे. दहा वर्षांनी त्याला उठवायचं कसं, त्यासाठी आकाशवाणीला मला पुन्हा बोलवावं लागेल. नमस्कार.