कॅरोलाइनचं माहेर

नमस्कार मंडळी. मागच्या रांगेत ऐकू येतंय ना? छान. पत्रिकेत विषय छापलाय 'वंशावळ कशी शोधावी' असा, आणि ते मी सांगणारच आहे, पण जेवणानंतर नुसत्या पद्धती ऐकवल्या तर तुम्हाला डुलक्या लागतील, म्हणून सोबत एक बाई घेऊन आलेय. कॅरोलाइन लेक क्वायनर, लग्नानंतर कॅरोलाइन इंगल्स. इथे मिनेसोटात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, आपल्यातले कितीतरी जण मुलांना गाडीत घालून वॉलनट ग्रोव्हला गेलेत आणि प्लम क्रीकच्या काठावर त्या जमिनीत खोदलेल्या घराची जागा बघून आलेत. तिची मुलगी लॉरा इंगल्स वाइल्डर, तिने लिहिलेल्या 'लिटल हाउस' पुस्तकांतली आई ती हीच.

जन्म १२ डिसेंबर १८३९, ब्रुकफील्ड, विस्कॉन्सिन. लग्नाआधी शाळेत शिकवायची. १ फेब्रुवारी १८६० ला कॉनकॉर्डला चार्ल्स इंगल्सशी लग्न झालं आणि नवऱ्याच्या पायाला भिंगरी, मग काय विचारता, पेपिनजवळचं जंगल, तिथून कॅन्सस, परत विस्कॉन्सिन, मग मिनेसोटा, मध्येच आयोवातलं बर ओक, परत मिनेसोटा, आणि १८७९ मध्ये डकोटा. दरवेळी नवी चूल मांडायची. कॅन्ससमधली जमीन तर ओसेज लोकांची होती, सरकारने ती अजून वसाहतीला उघडलेलीच नव्हती, आणि तशा ठिकाणी १८७० च्या ऑगस्टमध्ये ही बाई बाळंत झाली. पाच मुलं झाली, त्यातला एकुलता एक मुलगा वर्षाचाही होण्याआधी गेला. ती स्वतः गेली १९२४ मध्ये, डकोटातल्या डी स्मेटला.

आता बघा गंमत. चार्ल्सचं घराणं शोधायचं म्हटलं तर काहीच कष्ट नाहीत. इंगल्स कुळाची जाडजूड वंशावळ १९०३ मध्येच छापून झालीय, मूळपुरुष एडमंड इंगल्स, १६२९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या लिनला आला, तिथून पिढी पिढी खाली यायचं. आणि लोक मोठ्या कौतुकाने सांगतात की चार्ल्स मेफ्लॉवर जहाजातून आलेल्या रिचर्ड वॉरनचा वंशज, प्रेसिडेंट फ्रँकलिन रूझवेल्टचा लांबचा भाऊबंद. हो, आहेच, पण कोणामुळे? त्याच्या आजीमुळे, मार्गारेट डेलॅनोमुळे! म्हणजे इंगल्स आडनावाला सगळ्यात जास्त मिरवायला मिळालं ते एका सुनेच्या माहेरामुळे, आणि तरी पुस्तकाच्या पाठीवर नाव इंगल्सचंच.

हे माझ्या इतकं जिव्हारी का लागतं ते सांगते. आमच्या कुळाचा कुलवृत्तांत निघाला, तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी तुमच्या तुमच्या कुळाचा असेल, मंडळाने वर्षानुवर्षं खपून केलेलं काम, त्याबद्दल आदरच आहे. मी तो उघडला ते माझ्या पणजीची सासू बघायला. आमच्याकडे तिच्या गोष्टी खूप. नवरा प्लेगात गेल्यावर तिने दोन बैलांवर शेत ओढलं, पोरं शिकवली, विहीर खणून घेतली. कुलवृत्तांतात तिच्या नवऱ्याला एक परिच्छेद, मुलांना अर्धं अर्धं पान, आणि तिच्याबद्दल काय, तर 'भार्या लक्ष्मी, माहेर अज्ञात'. लक्ष्मी हेसुद्धा लग्नात तांदळात काढलेलं नाव, माहेरचं नाव कोणालाच ठाऊक नाही. मला रात्रभर झोप लागली नाही. अहो, जिने घर उभं केलं तिला स्वतःचं घरच नाही? मंडळाला पत्र लिहिलं तर उत्तर आलं की माहिती उपलब्ध नाही. उपलब्ध नाही म्हणजे विचारलीच नाही! माहिती कुठे सापडली माहितीये? तिच्या मुलाच्या लग्नातल्या आहेराच्या वहीत. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची वही, मोडीत लिहिलेली, वाचून घ्यावी लागली. त्यात एक ओळ, वराचे मामा, त्यांचं पूर्ण नाव, आडनाव, गाव, आणि पुढे धोतरजोडी आणि रोख रुपये. झालं! वराचा मामा म्हणजे आईचा भाऊ, आणि भावाचं आडनाव ते तिचं माहेर. त्या एका ओळीवरून पुढच्या तीन पिढ्या मिळाल्या.

तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे आणि मी ते दिसेल त्याला सांगते. बाई शोधायची असेल तर बाईच्या नावाने शोधू नका, तिची भावंडं शोधा. पुरुषाचा वंश सरळ रेषेत सापडतो, बाईचा आडवा सापडतो. आपल्याकडेही हळूहळू बदलतंय म्हणा, शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्ती मोहीम काढून बायकांची नावं सातबारावर चढवायला लावली, आणि आता महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव कागदोपत्री सक्तीचं झालं. पण जुन्या बायकांचं काय, त्या आडव्याच शोधाव्या लागणार.

तर कॅरोलाइनकडे येऊ. तिची आई शार्लट वॉलिस टकर, जन्म १८०९, बॉस्टनकडची, लग्नाआधी कपडे शिवायचा व्यवसाय करायची, शहरात वाढलेली मुलगी. १८३१ मध्ये हेन्री क्वायनरशी लग्न केलं, तो कनेटिकटमधल्या न्यू हेवनचा, आणि हे दोघं टप्प्याटप्प्याने पश्चिमेला सरकत विस्कॉन्सिनला पोचले, तेव्हा ते राज्यही नव्हतं. १८४५ मध्ये हेन्री मिशिगन सरोवरात बोट बुडून गेला. कॅरोलाइन तेव्हा सहा वर्षांचीसुद्धा नाही. शार्लटच्या पदरात सहा मुलं, धाकटं वर्षाच्या आसपासचं, आणि समोर हिवाळा. विस्कॉन्सिनचा हिवाळा म्हणजे काय ते या हॉलमधल्या कोणाला सांगायला नको. तर ही बाई पोरांना घेऊन तगली, पुढे कॉनकॉर्डला गेली आणि तिथे १८४९ मध्ये फ्रेडरिक होलब्रुकशी दुसरं लग्न केलं. माझ्या मते पुढे कॅरोलाइन डकोटाच्या बर्फात डगमगली नाही याचं मूळ इथे आहे, इंगल्सकडे नाही. आईने एकदा करून दाखवलेलं मुलीने पाहिलं होतं.

आणि आता माझा सगळ्यात आवडता पुरावा. शार्लट आणि हेन्रीचं पहिलं अपत्य मुलगी होती, लहानपणीच गेली. तिचं नाव काय ठेवलं होतं? मार्था मोर्स क्वायनर. आता शार्लटच्या आईचं लग्नाआधीचं नाव काय? मार्था मोर्स! म्हणजे आजीचं नाव माहेरच्या आडनावासकट नातीला दिलं. चार-पाच वर्षं जगलेल्या त्या पोरीने आजीचं माहेर सांभाळून ठेवलं बघा. म्हणून मी म्हणते, वंशावळ करताना लहानपणी गेलेली मुलं गाळू नका, लोक सर्रास गाळतात, पुढे वंश नाही म्हणून. मधलं नाव बघा. अमेरिकेत त्या काळी मधल्या नावात बरेचदा आईकडचं आडनाव दडलेलं असतं.

दुसरं म्हणजे भावंडांची लग्नं. कॅरोलाइनचा भाऊ हेन्री, त्याने चार्ल्सची बहीण पॉली इंगल्स केली. कॅरोलाइनची बहीण एलायझा, तिने चार्ल्सचा भाऊ पीटर केला. दोन घरांत तीन लग्नं! आपण याला सरळ साटंलोटं म्हणतो. शेजारी शेजारी शेतं, मैलोगणती दुसरं घर नाही, मुलंमुली एकत्र वाढलेली, दुसरं काय होणार. शोधणाऱ्याला याचा फायदा असा की क्वायनरांचा एखादा कागद हरवला असेल तर तो इंगल्सांच्या...

बरं, वेळ झाली म्हणून चिठ्ठी आलीय. अजून पद्धती तर सुरूच केल्या नाहीत मी. थोडं भरभर सांगते, लिहून घ्या.

शिरगणती. अमेरिकेत १७९० ते १८४० च्या शिरगणतीत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बाकीचे सगळे वयाच्या रकान्यात नुसते आकडे. म्हणजे १८४० ला तान्ही कॅरोलाइन 'पाच वर्षांखालील मुली' यातला एक आकडा. १८५० पासून सगळ्या स्वतंत्र, म्हणजे गुलाम नसलेल्या, माणसांची नावं लिहायला लागले पण नातं लिहीत नव्हते, नातं आलं १८८० ला. मधल्या काळात विधवेने दुसरं लग्न केलं असेल तर आई होलब्रुक आणि पोरं क्वायनर, एका छपराखाली दोन आडनावं, आणि तुम्ही फक्त क्वायनर शोधत बसलात तर आई सापडतच नाही. १९०० च्या शिरगणतीत बाईला विचारलंय किती मुलं झाली आणि किती हयात आहेत, तो रकाना वाचायला विसरू नका. १८९० ची बहुतेक सगळी १९२१ च्या आगीत गेली, त्यावर वेळ घालवू नका.

जन्मदाखला. विस्कॉन्सिनला १८३९ मध्ये सरकारी नोंदणीच नव्हती, त्यामुळे भिस्त घरच्या बायबलवर, इंगल्सांच्या बायबलमध्ये जन्म-लग्नं लिहिलेली आहेत. मॅसॅच्युसेट्सला मात्र गावोगावच्या नोंदी सतराव्या शतकापासून, म्हणून पूर्वेला पोचलात की काम सोपं होतं. आणि जिल्हे बदलतात हे लक्षात ठेवा, ब्रुकफील्ड आज वॉकेशा काउंटीत आहे पण ती काउंटीच १८४६ मध्ये झाली, कॅरोलाइन जन्मली तेव्हा ते मिलवॉकी काउंटीत होतं, म्हणजे त्या काळचे कागद मिलवॉकीच्या दफ्तरात बघायचे.

जमीन. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर मिळायची, पाच वर्षं राहून कसायची. अविवाहित बाई, विधवा, घटस्फोटित, सगळ्यांना स्वतःच्या नावावर अर्ज करता यायचा, पण नवऱ्याबरोबर नांदणाऱ्या बाईला नाही. म्हणून डी स्मेटची जमीन चार्ल्सच्या नावावर आहे, राबली मात्र तीही. पण नुसता पट्टा बघून थांबू नका, नॅशनल आर्काइव्ह्जमधून पूर्ण फाइल मागवा, त्यात घर केवढं, किती एकर जमीन नांगराखाली आणली, कुटुंबात कोण कोण याच्या जबान्या असतात, आणि साक्षीदार कोण ते बघा, साक्षीदार बऱ्याचदा मेहुणा नाहीतर शेजारी निघतो.

लष्कर. कॅरोलाइनचा भाऊ जोसेफ अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या शायलोच्या लढाईत जखमी होऊन १८६२ मध्ये गेला. त्या युद्धात गेलेल्यांच्या विधवांना पेन्शनसाठी लग्न सिद्ध करावं लागायचं, त्यामुळे पेन्शनच्या फायलींत लग्नाच्या तारखा, मुलांचे जन्म, कधी बायबलची फाडलेली पानंसुद्धा मिळतात.

शेवटचं, डीएनए, कारण हे सगळे विचारतात. आईकडची रेषा मायटोकॉन्ड्रियल डीएनएने कळते, तो आईकडून मुलांना जातो आणि पुढे फक्त मुलीच देतात. आता कॅरोलाइनच्या चार मुली, मेरीने लग्न केलं नाही, कॅरी आणि ग्रेस यांना स्वतःची मुलं नाहीत, लॉराला एकच मुलगी जगली, रोझ, आणि तिच्यामागे १९६८ नंतर कोणी नाही. म्हणजे कॅरोलाइनचा थेट वंश संपला. मग तिच्या आईची, आजीची रेषा तपासायची कुठे? मार्था आणि एलायझा या दोघी बहिणींकडे. त्यांच्या मुली, मुलींच्या मुली, असं खाली खाली येत आज हयात असलेल्या बाईपर्यंत पोचायचं, तिची तयारी असेल तर तिची टेस्ट करायची, आणि तिथून उलटं वर शार्लटपर्यंत, मार्था मोर्सपर्यंत चढायचं. बस, आता प्रश्न विचारा.