कुरई घाटात इंजिन कळते

नमस्कार. समोर पाहून राहिलो तर अर्धे चेहरे ओळखीचेच आहेत, मंडपवाले आहेत, जनरेटर भाड्यानं देणारे आहेत, बोअरवेलचा कॉम्प्रेसर ओढून नेणारे आहेत आणि मागच्या रांगेत कॉलेजची पोरंही बसली आहेत. वाडीला माझ्याकडं जो येतो तो एकच विचारतो, भाऊ, पिकअप घ्यायची आहे, मागं वजनदार ट्रेलर लावायचा आहे, कोणतं इंजिन घेऊ? मी त्याला उलटं विचारतो, वजन किती आणि जायचं कुठं? बहुतेकांना वजन माहीतच नसते. "असंल दोन-अडीच टन" म्हणतात. अहो, धरमकाट्यावर जायला कितीसे पैसे लागतात? गाडी वेगळी तोला, ट्रेलर वेगळा तोला, मग जनरेटर, केबलचे ड्रम, डिझेलच्या कॅन, चार पोरं, सगळं भरून एकदा सोबत तोला. तो आकडा हातात आल्याशिवाय इंजिनवर बोलण्यात अर्थ नाही.

हे मी अनुभवातून शिकलो. बरीच वर्षं झाली, सिवनीला एक लग्न होतं, जनरेटर आमचा होता. पिकअप मीच निवडली होती, सेकंडहँड, छोटं इंजिन, आणि इथं नागपुरात, वर्धा रोडवर, कामठीपर्यंत काही त्रास नव्हता, तिसऱ्या-चौथ्या गिअरवर आरामात ओढायची. सिवनीच्या वाटेवर कुरई घाटात पुढं एक ट्रक बंद पडला होता म्हणून चढावर थांबावं लागलं. पुन्हा उचलताना ड्रायव्हरनं रेस दिला, क्लच अर्धा सोडला, गाडी हलली, परत थांबली, परत रेस. चौथ्या वेळेस केबिनमध्ये तो वास आला, जळक्या भाकरीसारखा पण त्यापेक्षा कडू, ज्यानं एकदा घेतला तो विसरत नाही. क्लच प्लेट गेली. जनरेटर दुसऱ्या गाडीला जोडून सिवनीत पोचेपर्यंत रात्र झाली होती, नवरीचे वडील गेटवर उभे होते, त्यांचा चेहरा मला आजही आठवते. त्या दिवसापासून मी हिशोब करून गाडी सांगतो.

हिशोब सोपा आहे, मोबाईलवर होते. गाडी आणि ट्रेलर मिळून ५ टन धरा, म्हणजे ५,००० किलो. चढ ६ टक्क्यांचा धरा, १०० मीटर पुढं गेलं की ६ मीटर वर. अशा चढावर गाडीला मागं ओढणारा जोर एकूण वजनाच्या साधारण ६ टक्के असते, म्हणजे ३०० किलो. टायरच्या घर्षणाचा दीड टक्का, ते ७५. झाले ३७५ किलो. आता मेट्रिक हॉर्सपॉवरची व्याख्या काय, ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलणं. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. ३७५ गुणिले १० भागिले ७५, बरोब्बर ५० एचपी. आणि हे चाकावर लागते, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, फॅन, एसी मध्ये खातात ते वेगळं, म्हणून इंजिनवर ६० धरा.

तोच घाट ताशी ७२ नं चढायचा म्हटलं तर चढ आणि टायरसाठी दुप्पट, १०० एचपी, वर हवा कापायला उंच ट्रेलर असला तर आणखी वीसेक, म्हणजे इंजिनकडून १४० च्या आसपास पाहिजे. आणि सपाट रोडवर? त्याच ७२ च्या स्पीडला चाकावर जेमतेम ४० एचपी. म्हणून समृद्धीवर वर्ध्याकडं निघालं की सगळ्यांच्याच गाड्या भारी वाटतात, ७५ एचपीची पिकअपही मस्त पळते, आणि माणूस म्हणते, घेतली ते बरंच केलं. घाटात तीच गाडी ताशी ४० वर येते आणि मागं ट्रकवाले हॉर्न मारत राहतात. तुमचा धंदा बुटीबोरी-हिंगण्यातच असंल तर ७५ एचपी चालते ना, काही वाईट नाही त्यात. पण सौंसरवरून छिंदवाड्याला जाणारा माणूस सिलेवानी घाट विसरून गाडी घेत असंल तर त्याला थांबवणं माझं काम आहे.

आता टॉर्क, म्हणजे इंजिनचा पीळ, तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. यावर लोक खूप भांडतात, एक म्हणते टॉर्क पाहा, एक म्हणते एचपी पाहा. दोन्ही एकाच गोष्टीचे आकडे आहेत. न्यूटन-मीटरला आरपीएमनं, म्हणजे मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणा, ७,००० नं भागा, साधारण एचपी आले. इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस पिकअप घ्या, १.९ लिटरचं डिझेल, १६३ पीएस, म्हणजे तेच मेट्रिक एचपी, आणि २,००० ते २,५०० आरपीएमला ३६० न्यूटन-मीटर. म्हणजे २,००० वर १०० च्या वर एचपी मिळून राहिले, इंजिन अजून ओरडलंही नाही. टर्बो म्हणजे धुराच्या जोरानं इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. तेवढ्याच मोठ्या, टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनकडून २,००० ला १८० न्यूटन-मीटर मिळाले तरी खूप, म्हणजे ५० एचपी. बाकीचे ५० पाहिजे तर त्याला ४,००० वर पळवा. पळते ते, पेट्रोल इंजिन कमजोर नाही, पण पूर्ण घाटभर ४,००० वर चालवणं ड्रायव्हरला जमत नाही, तो घाबरून गिअर वर टाकते आणि गाडी बसते. डिझेल ओढायला बरं असते ते या कारणानं. शिवाय एका लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के जास्त ऊर्जा असते, आणि कॉम्प्रेशन जास्त असल्यानं ती कामालाही जास्त लागते.

पण कमाल टॉर्कच्या आकड्यावर भुलू नका. तो २,००० ला आहे, आणि चढावर गाडी उचलताना क्लच सुटते १,००० ते १,२०० ला. तिथं टर्बोला पुरेसा धूर मिळत नाही, टर्बो झोपलेला असते, इंजिन फक्त स्वतःच्या सीसीवर उभं असते. छोटं इंजिन, मोठा टर्बो असला की ब्रोशर झकास दिसते आणि उचलताना दम नसते. तिथं २.८ लिटरवाली टोयोटाची हायलक्स पिकअप १.९ वालीपेक्षा निवांत उचलते, कारण सिलिंडरच मोठे आहेत. त्याच हायलक्समध्ये मॅन्युअलला ४२० न्यूटन-मीटर आहे आणि ऑटोमॅटिकला ५००, एकच इंजिन. वरून ऑटोमॅटिकमध्ये क्लच प्लेटच नसते, टॉर्क कन्व्हर्टर तेलावर चालते आणि उचलताना टॉर्क वाढवून देते, दुप्पटच्या आसपास. आमच्याकडं अजून लोक म्हणतात ऑटोमॅटिक शहरातल्या बायांसाठी, हे अगदी चुकीचं आहे. अमेरिकेत सगळ्यात वजनदार ट्रेलर ओढणारे पिकअप आता जवळपास सगळे ऑटोमॅटिक आहेत. फक्त त्या तेलाचा कूलर चांगला पाहिजे.

अमेरिकेचं निघालंच तर सांगतो. तिथं १९८९ च्या डॉज रॅममध्ये कमिन्सचं ५.९ लिटरचं सहा सिलिंडर डिझेल आलं, मूळचं ट्रक-मशिनचं इंजिन, आणि पिकअपवाल्यांची ओढायची कल्पनाच बदलली. आज फोर्डचं ६.७ लिटर डिझेल १,६०० न्यूटन-मीटरच्या वर देते. तरीही तिथं फोर्ड ७.३ लिटरचं साधं पेट्रोल इंजिनही विकते, टर्बो नाही, काही नाही, कारण महिन्यातून दोनदाच ट्रेलर लावणाऱ्याला महागडं डिझेल, त्याचा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, आणि युरियाचा खर्च परवडत नाही. हे आपल्यालाही लागू आहे. बीएस-६ डिझेल रोज दोन किलोमीटर जाऊन बंद करत असाल तर फिल्टर काजळीनं भरते. ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला उलट ते मानवते, एग्झॉस्ट गरम राहते, काजळी जळून जाते.

गरमीवर मात्र जरा थांबतो, कारण आपण नागपूरचे आहोत. रेडिएटर किती उष्णता बाहेर फेकते हे पाणी आणि हवेच्या तापमानातल्या फरकावर असते. कूलंट ९५ अंश धरा. डिसेंबरच्या सकाळी हवा १५, फरक ८०. मे महिन्यात दुपारी हवा ४५, फरक ५०. म्हणजे तोच रेडिएटर, तोच फॅन, पण काम राहिलं साठ-बासष्ट टक्के. आणि घाटात ३०-३५ च्या स्पीडला समोरून वारा येत नाही, सगळा भार फॅनवर. तुमच्या गाडीला फॅन कपलिंग, म्हणजे फॅनला इंजिनशी जोडणारा तेलाचा जोड असंल तर इंजिन थंड आणि बंद असताना पातं हातानं फिरवून पाहा. थोडं जड, तेलात फिरल्यासारखं लागलं पाहिजे. सर्रकन तीन-चार वेढे मारले तर कपलिंग गेलं. मे महिन्यात ते घाटात कळण्यापेक्षा अंगणात कळलेलं बरं.

एका काकांनी चिठ्ठी पाठवली आहे, उतारावर न्यूट्रल केलं तर डिझेल वाचते का. नाही वाचत काका, आणि हे सगळ्यांनी ऐका. आजच्या इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या इंजिनात गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की डिझेल पूर्ण बंद होते, चाकं इंजिनला फिरवतात. न्यूट्रल केलं की आयडलिंगसाठी उलट डिझेल लागते. ५ टन वजन १०० मीटर खाली उतरलं तर त्यात एवढी ऊर्जा असते की १६ लिटर पाण्याला ३० अंशावरून उकळी येईल. ती गिअरनं नाही खाल्ली तर सगळी ब्रेकमध्ये जाते, ड्रम लाल होतात, पॅडल मऊ लागते आणि मग काहीच लागत नाही. डिझेलमध्ये पेट्रोलसारखा थ्रॉटल हवा अडवत नाही, म्हणून साधं डिझेल एंजिन-ब्रेकिंगला कमी पडते, मोठ्या गाड्यांत त्यासाठी एग्झॉस्ट ब्रेक देतात. आपल्याकडं तो नसंल तर ज्या गिअरनं चढता त्याच्याच जवळपासच्या गिअरनं उतरा. आणि ट्रेलरला स्वतःचा ब्रेक पाहिजेच. हायलक्स आणि डी-मॅक्स परदेशात साडेतीन टन ओढतात असं तुम्ही व्हिडिओत पाहता, ते ब्रेकवाल्या ट्रेलरसाठी आहे, बिनब्रेकच्या ट्रेलरला तिथंही ७५० किलोच. इथल्या गाडीचं मॅन्युअल उघडा, त्यात ट्रेलरचं वजन लिहिलं असंल तेवढंच, आणि लिहिलंच नसंल तर त्या गाडीला हुक लावू नका, इंजिन कितीही दमदार असो.

ट्रेलरच्या पुढच्या दांडीचं हुकावर पडणारं वजन ट्रेलरच्या दहाएक टक्के ठेवा, कमी झालं की ट्रेलर शेपटासारखा हलते. ते वजन पिकअपच्या लोडिंगमध्येच धरायचं.

शेवटचा प्रश्न टेस्ट ड्राइव्हचा. शोरूमवाले रिकामी गाडी वर्धा रोडवर फिरवून आणतात, त्यात काहीच कळत नाही. ज्याच्याकडं तीच गाडी तेच इंजिन आहे असा ओळखीचा माणूस शोधा, त्याच्या गाडीला तुमच्या तोललेल्या वजनाचा ट्रेलर लावा, उन्हाळा असंल तर दुपारी निघा. चढावर सुरक्षित जागा पाहून थांबा, चाकामागं दगड ठेवायला एक माणूस खाली उतरवा, हँडब्रेक लावा आणि पुन्हा उचला. तीनदा करा. काच खाली ठेवा. वास आला का ते पाहा आणि टेम्परेचरचा काटा वर पोचेपर्यंत कुठं गेला ते लिहून आणा, मग माझ्याकडं या, आपण बसून बोलू.