आपण काय ऐकावे, हे कोणी ठरवायचे?

मित्रहो, राजकारण, पुस्तके, संगीत आणि दूरचित्रवाणी या चार विषयांवर मी मोकळेपणाने बोलावे, अशी संयोजकांची इच्छा आहे. तयारी करू लागलो तेव्हा हे चारही विषय एकाच प्रश्नापाशी येऊन मिळतात, असे माझ्या ध्यानात आले. लोकांनी काय ऐकावे, वाचावे आणि पाहावे हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा तो प्रश्न होय.

बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे पुण्यात जन्मलेले, संगीताची मनापासून आवड असलेले गृहस्थ १९५२ ते १९६२ या काळात केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री होते. चित्रपटगीतांमुळे लोकांची अभिरुची बिघडते अशी त्यांची ठाम धारणा होती आणि त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून ही गीते जवळजवळ नाहीशी झाली. श्रोत्यांनी सरळ रेडिओ सिलोन लावला. निवेदक अमीन सायानी यांचा आवाज घरोघरी पोचला तो याच काळात, शेजारच्या देशातील केंद्रावरून. अखेर १९५७ च्या ऑक्टोबरमध्ये विविध भारती सुरू करून सरकारला हे श्रोते परत बोलवावे लागले.

हार्मोनियमचीही कथा अशीच आहे. १९४० मध्ये, म्हणजे इंग्रजी अमलातच, आकाशवाणीने या वाद्यावर बंदी घातली आणि स्वातंत्र्यानंतरही ती दोन दशकांहून अधिक काळ टिकली. पट्ट्यांचे स्वर ठरलेले असल्याने त्यांतून मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकत जाणे, निघत नाही आणि श्रुतींचे, म्हणजे स्वरांमधल्या बारीक अंतरांचे, सूक्ष्म भेद दाखवता येत नाहीत, हा आक्षेप बिनबुडाचा नव्हता. जाणकारांनी तो जरूर मांडावा. परंतु ज्या महाराष्ट्रात कीर्तन, भजन आणि संगीत नाटक ही सारी पेटीच्या साथीने उभी राहिली, गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी या वाद्याला प्रतिष्ठा मिळवून दिली, तेथील श्रोत्याला या बाबतीत कोणी काही विचारलेच नाही.

असे असूनही केसकरांच्या त्या दशकाला मी केवळ दोष देऊ शकत नाही. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ मध्ये सुरू झाला आणि त्यामुळे पूर्वी दरबारांत आणि मोजक्या मैफलींत ऐकू येणारे गायन खेड्यातल्या ग्रामपंचायतीच्या रेडिओपर्यंत पोचू शकले. पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर चाललेले गीतरामायण याच काळातले. गदिमांनी लिहावे, सुधीर फडक्यांनी स्वरबद्ध करावे आणि दर आठवड्याला नवे गीत प्रसारित व्हावे, अशी ५६ गीते झाली. खपाचा हिशेब आधी मांडून असा उपक्रम कोणी हाती घेतला असता, असे मला वाटत नाही. अभिरुची घडवणे हे सार्वजनिक कर्तव्य आहे, ही त्यामागची श्रद्धा मला आजही मोलाची वाटते.

त्या श्रद्धेत सत्तेचा अहंकार मिसळला की काय होते, हे आणीबाणीने दाखवले. सत्ताधाऱ्यांच्या कामासाठी गाण्यास किशोरकुमार तयार झाले नाहीत, म्हणून १९७६ मध्ये त्यांची गाणी आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून काढून टाकण्यात आली. १९७७ च्या फेब्रुवारीत दिल्लीच्या रामलीला मैदानावर विरोधकांची सभा होती, त्या संध्याकाळी लोकांनी घरी थांबावे म्हणून दूरदर्शनवर एक गाजलेला हिंदी चित्रपट दाखवला गेला. तरीही मैदान भरले. या साऱ्याआधी, डिसेंबर १९७५ मध्ये, कराडच्या साहित्य संमेलनात केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष असताना अध्यक्ष दुर्गाबाई भागवत यांनी तुरुंगवासानंतर आजारी असलेल्या जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करण्याचे आवाहन केले. पुढच्या वर्षी दुर्गाबाईंना अटक झाली. लोककथा आणि ऋतूंवर इतक्या कोमलतेने लिहिणाऱ्या बाईंकडे हे धैर्य आले कोठून, असे काही जण विचारतात. मला तर त्यांच्या लेखनातली आणि या कृतीतली निष्ठा एकच दिसते.

प्रसारणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितले आणि १९९७ मध्ये आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणारी प्रसार भारती ही स्वायत्त संस्था अस्तित्वात आली. दरम्यान खासगी वाहिन्या आल्या आणि निवडीचा अधिकार मंत्र्याकडून जाहिरातदाराकडे गेला. केसकरांना निदान लोकसभेत जाब विचारता येत होता. रात्रीच्या चर्चेत सहा जण एकाच वेळी ओरडतात आणि अभिजात संगीताला आठवड्यात अर्धा तासही मिळत नाही, याबद्दल आज कोणाला विचारायचे?

म्हणून माझी मागणी अगदी नेमकी आहे. आकाशवाणीने इतकी वर्षे केलेली गायन, भाषणे आणि नाटके यांची ध्वनिमुद्रणे लोकांच्या पैशातून झालेली आहेत. कलावंतांचे आणि त्यांच्या वारसांचे हक्क सांभाळून ती सर्वांना विनामूल्य ऐकता आली पाहिजेत. तालुक्याच्या प्रत्येक सार्वजनिक वाचनालयात पुस्तकांच्या शेजारी ती ऐकण्याची सोय व्हावी आणि आपल्या आमदार-खासदारांना भेटताना ही गोष्ट आपण रस्ते-पाण्याइतक्याच आग्रहाने मागावी, अशी माझी आपणा सर्वांना विनंती आहे.