देवसहाय: आडनावापलीकडचा संत

हे नट्टालम. कन्याकुमारी जिल्ह्यातलं गाव. १७१२ साली इथल्या एका नायर घरात नीलकंठ पिल्लै यांचा जन्म झाला. ‘पिल्लै’ या जात सांगणाऱ्या शब्दात मान होता, दरारा होता. कुणाला जवळ येऊ द्यायचं आणि कुणाला नाही, तेही त्यातच ठरलेलं होतं.

पुढे ते त्रावणकोरचे राजे मार्तंड वर्मा यांच्या चाकरीत लागले. तिथे त्यांची गाठ पडली एका युद्धकैद्याशी. १७४१ साली कोलाचेलच्या लढाईत डच हरले, त्यांचा कप्तान द लानॉय पकडला गेला आणि नंतर राजाचंच सैन्य घडवू लागला. नीलकंठ तेव्हा घरच्या नुकसानीनं खचले होते. द लानॉयनं त्यांना बायबलमधल्या योबाची गोष्ट सांगितली. सगळं गेलं, तरी देवाचा हात न सोडणाऱ्या माणसाची.

१४ मे १७४५ ला वडक्कनकुळम इथे एका येसूसंघीय (जेझुइट) धर्मगुरूंनी त्यांना बाप्तिस्मा दिला. नाव ठेवलं लाजर, तमिळमध्ये देवसहायम. मराठी कानाला त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. पत्नी भार्गवी अम्माळ यांनीही हीच वाट धरली.

आता देवसहाय ‘खालच्या’ म्हटल्या जाणाऱ्या लोकांत बसू लागले, त्यांच्यासोबत जेवू लागले. मला वाटतं, दरबाराला सर्वांत जास्त झोंबलं ते हे.

फेब्रुवारी १७४९ मध्ये त्यांना अटक झाली. पुढची तीन वर्षं छळाची. म्हशीवर उलटं बसवून धिंड, फटके, जखमांवर तिखट. पुलियूरकुरिचीला तहानेनं व्याकूळ होऊन त्यांनी खडकावर कोपर आपटलं आणि पाणी फुटलं, असं भाविक सांगतात. आजही लोक ते पाणी श्रद्धेनं पितात.

१४ जानेवारी १७५२. आरल्वायमोळीचा काट्टाडी डोंगर. इथे त्यांना गोळ्या घातल्या. वय अवघं ३९. देह रानात टाकून दिला. काही दिवसांनी श्रद्धावंतांनी अस्थी गोळा केल्या आणि कोट्टारच्या संत फ्रान्सिस झेवियर चर्चमध्ये पुरल्या.

१५ मे २०२२ ला पोप फ्रान्सिस यांनी रोममध्ये दहा जणांना संतपद दिलं. नऊ जण धर्मगुरू किंवा धर्मभगिनी. संसारी माणूस एकच, देवसहाय. भारतातले ते पहिले प्रापंचिक संत. त्या दिवशी त्यांचं नाव पुकारलं गेलं, ते ‘पिल्लै’ वगळून. नुसतं देवसहायम.