मूठ: पिस्तुल आणि हात यांच्यामधलं लाकूड

हा लाकडाचा तुकडा मी तुमच्याकडे पाठवतो आहे. हातात घ्या, नीट धरून बघा आणि मग शेजारच्याला द्या. घाई नको, माझं बोलणं संपेपर्यंत तो शेवटच्या रांगेपर्यंत पोचला तरी पुरे. अक्रोडाचा आहे. एका नेमबाजाच्या उजव्या हातासाठी घडवलेली पिस्तुलाची मूठ आहे ती, पिस्तुलावरून उतरवलेली. तुमच्यापैकी बहुतेकांना ती कुठे ना कुठे बोचेल. कुणाला अंगठ्याच्या मुळाशी, कुणाला करंगळीखाली. डावखुऱ्यांना तर ती धरताच येणार नाही. ज्याच्यासाठी ती केली, त्याच्या हातात मात्र ती अशी बसते की त्याला तिच्याकडे लक्ष द्यावं लागत नाही.

ग्रिप हा शब्द आता सगळेच वापरतात, मीही वापरतो. पण मला मूठ जास्त आवडतो. हाताचीही मूठ आणि तलवारीचीही मूठ. धरणारा आणि धरलेली वस्तू, दोघांना एकच नाव. मला आज जे सांगायचं आहे ते या शब्दात आधीच आहे: मूठ हा पिस्तुलाचा भाग असण्याआधी हाताचा भाग आहे. लोक ती पिस्तुलाचा दागिना म्हणून विकत घेतात, चित्रातल्या लाकडाच्या लाटा बघून घेतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

थोडं गणित करू. हवेच्या पिस्तुलाची १० मीटरची स्पर्धा घ्या. दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर, छर्रा ४.५ मिलिमीटरचा. एका हातानं, त्या हाताला कुठलाही टेकू न देता, ७५ मिनिटांत ६० छर्रे मारायचे. नेम धरायच्या पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर ३३० मिलिमीटरच्या आसपास धरा. आता समजा हात थरथरला आणि पिस्तुल आहे त्याच रोखानं, जसंच्या तसं १ मिलिमीटर बाजूला सरकलं. छर्राही १ मिलिमीटरच सरकेल, दहाचे दहाच राहतील. पण मनगट किंचित वळलं आणि पुढची साइट मागच्या खाचेत १ मिलिमीटर कडेला गेली, तर तीच चूक लक्ष्यावर तीस पट होऊन पडते. छर्रा ३० मिलिमीटर लांब, दहाऐवजी सात.

नवशिके हाताच्या थरथरण्याला घाबरतात. घाबरायचं ते मनगटाच्या वळण्याला. आणि मनगट का वळतं? बहुतेक वेळा मुठीत कुठेतरी पोकळी असते, ती भरून काढायला एखादं बोट नकळत जास्त दाबतं, आणि ६० वेळांपैकी प्रत्येक वेळी वेगळं दाबतं. चांगल्या मुठीचं काम पिस्तुल घट्ट धरून ठेवणं हे नाही. हात दर वेळी त्याच जागी, त्याच दाबानं बसावा, एवढंच तिचं काम.

हे सगळं लाकडातच का? प्लास्टिक आहे, अॅल्युमिनियम आहे. ग्लॉक १७ हे पिस्तुल ऑस्ट्रियाच्या सैन्यानं १९८२ मध्ये घेतलं, त्यात मूठ आणि सांगाडा एकच, पॉलिमरचा. तिथे मुठीच्या बाजूला लाकडी पट्टी लावायला जागाच उरली नाही. सैन्याच्या आणि पोलिसांच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं, पाण्यापावसात तसलंच काही टिकतं. पण स्पर्धेच्या मैदानावर बघा, ऑलिंपिकच्या रांगेत अजून लाकूड दिसतं. कारण साधं आहे. लाकूड कानशीनं खरवडता येतं, जास्त खरवडलं तर लांबी, म्हणजे लाकडाची पुट्टी, भरून परत वाढवता येतं, आणि हे काम नेमबाज स्वतः रात्री टेबलावर बसून करू शकतो. घाम आला तरी ते गुळगुळीत काचेसारखं निसटत नाही. थंडीत हाताला धातूसारखं चावत नाही.

अक्रोडाचं म्हणाल तर बंदुकांच्या कामात त्याला जुना मान आहे, आणि तो नुसता रूपामुळे नाही. मध्यम घट्ट, मध्यम हलकं, वाळल्यावर फारसं वाकडंतिकडं होत नाही, आणि आघात झाला तर चटकन चिरत नाही. बारीक नक्षी कोरली तरी टोकं उभी राहतात. १९११ सालच्या कोल्ट पिस्तुलावर, जॉन ब्राउनिंगनं रचलेल्या, पहिल्यापासून अक्रोडाच्याच पट्ट्या होत्या, दोन्ही स्क्रूंभोवती शंकरपाळ्यासारखा कोरा भाग ठेवलेल्या. दुसऱ्या महायुद्धात त्यांची जागा तपकिरी प्लास्टिकनं घेतली, तरी आज जी मंडळी नव्या पट्ट्या बनवतात ती बहुतेक तोच नमुना डोळ्यांपुढे ठेवतात.

ओक मी मुठीला कधी वापरत नाही. त्यात टॅनिन भरपूर असतं. घामाचा ओलावा, लोखंड आणि टॅनिन एकत्र आले की काळी शाई तयार होते. जुन्या काळी शाई अशीच करत. लाकडावर निळसर काळे डाग पडतात आणि आतल्या बाजूनं पोलाद गंजायला लागतं. अक्रोडातही टॅनिन असतं, पण त्याचा त्रास मला तेवढा झालेला नाही. तरी वर्षातून दोनचारदा पट्टी उतरवून खालचा धातू पुसायलाच हवा. चकचकीत वॉर्निशही नको. त्याचा थर तळहाताखाली चिकट होतो आणि नक्षीच्या खाचा बुजवतो. जवसाचं नाहीतर टुंगचं तेल बोटानं चोळा, पुसा, वाळू द्या, परत चोळा. आठवडा जातो. जाऊ द्या.

शिसवीच्या जातीची लाकडं, म्हणजे डॅल्बर्जिया, दिसायला राजस. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, २०१७ च्या जानेवारीपासून या पूर्ण जातीचा देशाबाहेरचा व्यापार साइट्स (CITES) या दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारानं नियमांखाली आणला आहे, म्हणून परदेशातून तुकडा मागवताना कागदपत्रं विचारा. ब्राझीलच्या शिसवीवर तर १९९२ पासून त्याहून कडक बंधन आहे. दुसरी गोष्ट तुमच्या शरीराची. याच जातीच्या कोकोबोलो लाकडाची भुकटी कित्येकांच्या अंगावर पुरळ उठवते, आणि एकदा अंगाला ती सोसेनाशी झाली की पुढे थोड्यानंही त्रास होतो. कोणत्याही लाकडाची बारीक भुकटी वर्षानुवर्षं श्वासात घेणं कर्करोगाचं कारण ठरतं, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं ती पहिल्या गटात टाकली आहे. तोंडावर मास्क बांधल्याशिवाय पॉलिश पेपर हातात घेऊ नका. मी पहिली काही वर्षं बांधला नव्हता आणि त्याची मला आज खंत आहे.

माझी पहिली मूठ मी गाठीच्या लाकडाची केली होती. गाठीत रेषा अशा गुंतलेल्या असतात की जणू धुराचं चित्र. तीन आठवडे लावले. स्क्रू पिळताना खालचा कोपरा टचकन निघून आला. तिथे रेषा पट्टीच्या लांबीला आडव्या जात होत्या, आणि आडव्या रेषेला बळ नसतं. मी लाकूड डोळ्यांनी निवडलं होतं. तेव्हापासून मी आधी रेषा बघतो, त्या लांबीच्या दिशेनं जाताहेत ना, विशेषतः स्क्रूच्या भोवती आणि पातळ टोकाशी, आणि मगच रंग बघतो.

आता पट्टी म्हणजे नुसतं झाकण, असं समजणाऱ्यांसाठी एक उदाहरण. १९११ च्या त्या कोल्ट पिस्तुलाच्या डाव्या बाजूला एक छोटी नळी असते. तिच्यात स्प्रिंग आणि दोन खिळे असतात, एक सेफ्टीच्या खटक्याला जागेवर धरतो, दुसरा स्लाइड, म्हणजे वरचा सरकणारा भाग, अडवणाऱ्या खटक्याला. ही नळी सांगाड्याला ठोकून बसवलेली असते, आणि डाव्या पट्टीची वरची कड तिला बाहेरून आधार देते. हौशी माणूस ती कड सुंदर गोलाई देऊन कापतो. दिसते छान. पण पुढे नळी सैल झाली तर तिला धरायला काही उरत नाही, आणि सेफ्टी अडकू शकते. म्हणून कुठलीही जुनी पट्टी फेकण्याआधी तिची आतली बाजू उलटून बघा. प्रत्येक खाच, प्रत्येक खड्डा कशासाठी होता ते कळेपर्यंत नवीन कापू नका. रिव्हॉल्व्हरचंही तेच: डावी पट्टी वरून जाड ठेवली तर रिकामी काडतुसं बाहेर पडताना तिला अडतात.

स्क्रूबद्दल एवढंच, की लाकूड दाबलं जातं. आज घट्ट केलेला स्क्रू महिन्यानं ढिला होतो, मग माणूस आणखी पिळतो आणि पट्टी चिरते. टोपीखाली रबराची पातळ कडी घाला, बोटांनी जेवढा बसतो त्याहून थोडाच पुढे न्या. बाजारात मिळणारे बाकीचे भाग, मॅगझिन (काडतुसांची पेटी) आत घालायच्या तोंडाशी लावायचं नरसाळं, मॅगझिनचे जाड तळ, दोन्ही हातांचा सेफ्टी खटका, यांत वाईट काही नाही. मात्र दोन्ही बाजूंचा खटका लावलात तर उजव्या पट्टीतही त्याच्यासाठी जागा कोरावी लागते, हे विकणारे बरेचदा सांगत नाहीत.

मूठ बसवण्याकडे येतो. आधी मॅगझिन काढा, चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, डोळ्यांनी आणि बोटानं तपासा, आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. हे मी प्रत्येक वेळी करतो, एकटा असलो तरी.

हात गरम असताना मोजा. सकाळी थंड हातावर बेतलेली मूठ वीसेक छर्ऱ्यांनंतर आवळायला लागते, कारण हात फुगतो. अंगठा आणि तर्जनीच्या मधली बेचकी पिस्तुलाच्या मागच्या वळणात जितकी वर जाईल तितकी चांगली. मधलं बोट आणि अनामिका, ही दोन बोटं पिस्तुल सरळ मागे ओढून धरतात. करंगळी नुसती सोबतीला. अंगठा टेकवायचा, दाबायचा नाही. तर्जनीच्या बाजूला लाकूड आणि बोट यांच्यात उजेड दिसला पाहिजे. ट्रिगर मागे नेताना बोट लाकडाला घासलं की पिस्तुल बाजूला ढकललं जातं, आणि नेमबाज महिनोन्महिने स्वतःच्या डोळ्यांना दोष देत बसतो. मी असे दोन जण पाहिले आहेत. एकाचा चष्मा दोनदा बदलून झाला होता.

मग तळहाताला काजळी आणि तेलाचा अगदी पातळ हात लावा आणि मूठ धरा. जिथे काळं उमटलं तिथे लाकूड टोचतं आहे, जिथे कोरं राहिलं तिथे पोकळी आहे. काळं कानशीनं काढा, दोनतीन हात, बस. कोऱ्या जागी लांबी भरा. पुन्हा धरा. यानंतर खरी परीक्षा: लक्ष्याकडे तोंड करून डोळे मिटा, पिस्तुल उचला, श्वास अर्धा सोडा, डोळे उघडा. पुढची साइट खाचेच्या मधोमध नसेल तर मनगट वळवून ती मधे आणू नका. मूठ बदला. तिथे लोक चुकतात. मनगट वळवून काम भागतं, पहिले वीस छर्रे चांगलेही जातात, पण चाळिसाव्याला स्नायू थकतो आणि हात आपल्या मूळ जागी परत जातो.

नियम काय सांगतात तेही थोडक्यात. १० मीटरच्या स्पर्धेत पिस्तुलाचं वजन जास्तीत जास्त १५०० ग्रॅम, आणि ते मुठीसकट ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे. म्हणजे मुठीची जाडी ५० च्या पुढे गेली की संपलं. तळहाताखालची फळी वर वळलेली चालत नाही आणि मनगट पूर्ण मोकळं दिसायला हवं. ५० मीटरच्या फ्री पिस्तुलाला मात्र ही पेटी नव्हती. तिथली मूठ हातमोज्यासारखी पंज्याभोवती गुंडाळता यायची, फक्त मनगटाला टेकू द्यायचा नाही. मूठ घडवणाऱ्याला त्यात जेवढं करायला मिळे तेवढं दुसऱ्या कशात नव्हतं. २०१६ च्या रिओनंतर हा प्रकार ऑलिंपिकमधून गेला, आणि मला तो अजून आठवतो.

कारोय ताकाच या हंगेरीच्या नेमबाजाची हकीकत तुम्ही ऐकली असेल. १९३८ मध्ये हातबॉम्ब फुटून त्याचा उजवा हात निकामी झाला. त्यानं डाव्या हातानं सराव केला आणि १९४८ ला लंडनमध्ये, १९५२ ला हेलसिंकीत, रॅपिड फायर पिस्तुलाचं सुवर्ण जिंकलं. लोक त्याच्या जिद्दीबद्दल बोलतात, बोलायलाच हवं. माझ्या मनात मात्र दर वेळी येतं की डावा हात म्हणजे आरशातला उजवा हात नव्हे. त्याची बोटं वेगळी, जोर वेगळा, सवयी वेगळ्या. आज डाव्या मुठी वेगळ्या विकत मिळतात. तरी माझ्याकडे येणारे डावखुरे नेमबाज त्या तशाच वापरत नाहीत, घासून आपल्या करून घेतात.

कुठपर्यंत पोचली मूठ? तुमच्याकडे का? बरं. अंगठ्याच्या खाली जो खोलगट भाग लागतो आहे ना, तो मी दोनदा लांबीनं भरला आणि तीनदा कानसून काढला, तेव्हा कुठे त्या नेमबाजाचं समाधान झालं. आता डोळे मिटा, हात सरळ पुढे धरा, आणि तुम्हाला ती नेमकी कुठे बोचते ते मला सांगा.