टोमॅटो लावले कोणी?

नमस्कार मंडळी! आज गाळावर, म्हणजे गाळाचं खत करण्यावर बोलायचंय. नाकं मुरडू नका, आणि चहा घेत असाल तर आधी संपवून टाका, कारण पुढे टोमॅटोच्या साराची गोष्ट येणारे.

आधी एक घोळ निस्तरूया. गाळ दोन तऱ्हेचा. एक प्यायच्या पाण्याचा, म्हणजे मुंबईसाठी भांडुपला, पांजरापूरला तलावाचं पाणी साफ करताना तळाला बसतो तो. आजी पावसाळ्यात हंड्यात तुरटी फिरवायची आणि सकाळी तळाशी चिखल दिसायचा ना, तसंच. या गाळात बारीक माती नि अ‍ॅल्युमिनियम, खताचा जीव जवळजवळ नाहीच, उलट अ‍ॅल्युमिनियम फॉस्फरस धरून बसतं, पिकाला सोडत नाही. कोकणातली तांबडी माती आधीच आंबट, तिथे तर हे फार बेतानं. कंपोस्टमध्ये थोडा मिसळला तर खपून जातो, बास.

दुसरा गाळ सांडपाण्याचा, आणि खरा माल तिथे. नत्र आहे, स्फुरद म्हणजे फॉस्फरस आहे. अमेरिकेत मिलवॉकी शहर 1926 पासून याचं खत पोत्यात भरून विकतंय. अहमदाबादला गॅमा किरणांनी हा गाळ निर्जंतुक करतात, तंत्र कुणाचं, तर आपल्या मुंबईतल्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचं! पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते असं.

तर गोष्ट. माझी मावशी राहते पश्चिम उपनगरात, सोसायटीचं नाव सांगत नाही, मावशी मला घरात घेणार नाही. मोठी सोसायटी, तळघरात एसटीपी, म्हणजे सांडपाणी साफ करायचा प्लांट, त्यातून आठवड्याला काळा केक निघतो, म्हणजे पिळून काढलेला गाळ. 2023 च्या एप्रिलमध्ये सेक्रेटरींना वाटलं की फुकटचं खत आहे, टाका बागेत. माळीकाकांनी महिनाभर कोपऱ्यात ढीग ठेवला, वरून सुकला, झालं खत, म्हणून जास्वंदीच्या, तगरीच्या बुंध्याशी पसरला. पंधरवड्यात बघतात तर सगळीकडे टोमॅटोची रोपं! जास्वंदीखाली टोमॅटो, तगरीखाली टोमॅटो, मुलांच्या घसरगुंडीशेजारी टोमॅटो. लावले कोणी? कोणीच नाही. आणि जुलैत फळं धरली तेव्हा बाजारात टोमॅटो शंभरीपार, आठवतंय ना? सेक्रेटरींची कॉलर ताठ. दर रविवारी पिशव्या भरून वाटप, आणि मावशीनं पाच बायका जमवून सार केलं, नारळाचं दूध घालून (साराला नारळाचं दूध हवंच, ज्यांना हे पटत नाही त्यांच्याशी मी वाद घालत नाही). वाट्या रिकाम्या होत आल्या तेवढ्यात एसटीपी चालवणारा पोरगा कशाला तरी सही घ्यायला वर आला, आणि मावशीनं कौतुकानं विचारलं, काय रे, तुझ्या खतात एवढं बी कुठून आलं?

तो म्हणाला, "काकू, आपल्याच बिल्डिंगचं आहे ना."

टोमॅटोचं बी पोटात पचत नाही, मंडळी. खाल्लेलं तसंच्या तसं बाहेर पडतं, पाइपातून एसटीपीत, तिथून गाळात, तिथून जास्वंदीखाली. मावशीनं वाटी खाली ठेवली. बाकीच्यांनी पण.

आता नीट ऐका. त्या साराचं काही बिघडलं नव्हतं, टोमॅटो धुतलेला, उकळलेला. बिघडलं होतं खत. ढीग आतून तापला असता तर ते बी मेलं असतं. बी जगलं म्हणजे ढीग तापला नाही, आणि जिथे टोमॅटोचं बी जगतं तिथे जंतांची अंडीसुद्धा जगली असणार. अमेरिकेतला नियम लांबट ढिगासाठी असा, की 55 डिग्री, किमान 15 दिवस, आणि तेवढ्यात पाच वेळा उलटापालट, कारण बाहेरचा थर थंडच राहतो. परत सांगतो, 55 डिग्री, 15 दिवस, पाच वेळा. नुसता गाळ तापत नाही, ओला असतो, हवा खेळत नाही. एक घमेलं गाळाला दोन-तीन घमेली सुका पाला, लाकडाचा भुसा घाला. पाला कुठून आणायचा विचारू नका, तुम्हीच रोज सकाळी झाडून कचरागाडीत घालताय, आणि मग नर्सरीतून कोकोपीट विकत आणताय!

आणि तापवून जंतू मरतात, शिसं-कॅडमियम मरत नाही. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टला किलोमागे शिसं 100 मिलिग्रॅम आणि कॅडमियम 5 मिलिग्रॅमची मर्यादा आहे, तेव्हा शेतावर न्यायचं असेल तर आधी लॅबमधून तपासून घ्या. कोथिंबीर, मुळा, कच्चं खायचं काही यात लावू नका.

पुढच्या वर्षी माळीकाकांनी पाला घालून ढीग रचला, मधोमध लोखंडी सळई खुपसली. चौथ्या दिवशी उपसली तर हातात धरवेना. उलटापालट करत मुदत भरली, मग खत पसरलं. जास्वंद अशी फुलली की बघत राहावं. टोमॅटोचं एक रोप नाही. मावशीला विचारलं, तर म्हणे, "खत चांगलंय रे, पण ते टोमॅटो गोड होते."